गणपतीला निघण्याआधी गाडीखाली एकदा वाकून बघा

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत पळस्पे फाटा सोडला की महामार्गाच्या कडेला थांबलेल्या गाड्या दिसायला लागतात. कुणाचं बोनेट वर असतं. कुणी डिकी रिकामी करून मखराचं सामान, चादरी, किराण्याच्या पिशव्या ओल्या गवतावर मांडलेल्या असतात, कारण स्टेपनी सगळ्यात तळाला. वडील फोन कानाला लावून रेंज शोधतायत, मुलं रस्त्याच्या कडेला बिस्किटं खातायत आणि अर्ध्या हातावरून एसटी सणसणत जातेय. "गाडी रस्त्यात बंद पडली," असं आपण म्हणतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. यातल्या बऱ्याच गाड्या जूनपासून सोसायटीच्या पार्किंगमध्येच हळूहळू बंद पडत होत्या. महाडच्या पुढे ते उघडकीला आलं, एवढंच.

गाडीतले बिघाड आणि गाडीचा गंज हे दोन वेगळे विषय आहेत अशी आपली समजूत असते. गंज म्हणजे रंगाचा, दिसण्याचा, विकताना किंमत कमी येण्याचा प्रश्न, आणि बिघाड म्हणजे इंजिनाचा. प्रत्यक्षात चाकाचा नट सुटत नाही तो गंजामुळे. बॅटरी चांगली असून स्टार्टर टकटक करून गप्प बसतो तो टर्मिनलवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीमुळे. ब्रेकची गंजलेली पातळ लोखंडी नळी घाटातच फुटते, कारण तिथेच तिच्यावर सगळ्यात जास्त दाब येतो. म्हणून ही विनंती. निघण्याआधीच्या एका रविवारी, उजेड असताना, सपाट जागेवर, गाडीचं एक चाक स्वतःच्या हातांनी काढा आणि परत बसवा. सर्व्हिसिंगचा शिक्का पुस्तकात असला तरी काढा.

हे काम करायला बसलात की तीन गोष्टी लगेच कळतील. पहिली, स्टेपनीत हवा आहे का. वर्षभर कुणी बघितलेलं नसतं, त्यामुळे बहुतेकदा नसते. दुसरी, तुमच्याच्याने नट सुटतात का. गॅरेजमध्ये नट हवेच्या गनने आवळतात. त्यावर एक पावसाळा गेला की गाडीबरोबर आलेल्या वीतभर पान्याने ते हलत नाहीत. घरी हे कळलं तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन चारही चाकांचे नट सोडवून, तारेच्या ब्रशने साफ करून हाताच्या पान्याने आवळून घेता येतात. एक लांब दांड्याचा पानाही डिकीत टाका, त्याला फार पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे जॅक लावायची जागा. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या कडेला दोन-दोन खाचा असतात. त्या खाचांच्या मधली दुहेरी पत्र्याची कड म्हणजे ही जागा. गाडीचा एवढा भार एवढ्याशा कडेवर येतो. इथे बोटाने चाचपून बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला पत्रा बद्द आवाज करतो आणि पापुद्रे सुटून हातावर येतात. अशा जागी जॅक फिरवत राहिलात तर जॅक वर जातो आणि गाडी तिथेच राहते. आधी बारीक कचकच ऐकू येते, मग कड तळलेल्या पापडासारखी आत जाते आणि जॅक तिरका होतो. तेव्हा कुणाचा हात किंवा पाय चाकाखाली असेल तर काय होईल ते सांगायला नको. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, गाडी नवी असो वा जुनी.

चाक बदलायची रीत आपल्याकडे उलटी झाली आहे. गाडी आधी उचलतात आणि मग नट सोडवायला जोर लावतात. चाक हवेत असल्यामुळे ते गरागरा फिरतं आणि गाडी जॅकवर डुलते. आधी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. मग चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. त्यानंतर जॅक. स्टेपनी बसवताना नट समोरासमोरचे, एक सोडून एक असे आवळा, ओळीने नको. गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा सगळ्यांवर जोर द्या. दहा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून परत एकदा बघितलेत तर उत्तम. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती असते. तिच्यावर ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते, ती गावापर्यंत जाण्याची परवानगी नव्हे.

आता रस्त्यावरचं. टायर बसल्याचं कळलं की पहिला झटका ब्रेकवर पाय मारण्याचा येतो. तो आवरा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि सपाट, सरळ, मागून लांबून दिसेल अशी जागा येईपर्यंत गाडी हळूहळू नेत राहा. टायर फाटेल म्हणून लोक वळणावरच थांबतात. टायर फाटला तर फाटू द्या, नवा येतो. पावसाळ्यात आणखी एक बघायचं. डोंगराच्या कापलेल्या कड्याखाली थांबायचं नाही. परशुराम घाटात दरड येऊन रस्ता बंद झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि तरी आडोसा मिळतो म्हणून नेमके कड्यालाच चिकटून उभे राहतो.

गाडी थांबली की चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून थोडं लांब उभं करा. पाऊस असला तरी उतरवा. भिजलेलं मूल टॉवेलने पुसता येतं. द्रुतगती मार्गावर तर थांबलेल्या गाडीत बसून राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही उभे आहात की चालताय हे अंधारात शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. लाल त्रिकोण गाडीच्या बंपरला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. निदान पन्नास पावलं मागे ठेवा, द्रुतगती मार्गावर त्याच्या दुप्पट. घाटात वळणाच्या आधी ठेवा, म्हणजे चालकाला तो वळायच्या अगोदर दिसेल. ठेवायला जाताना रस्त्यावरून नाही, कडेने चाला.

त्रिकोण नसेल तर आपले लोक दगड मांडतात, झाडाची फांदी टाकतात. वेळ पडली तर तेही चालेल. पण गाडी सुरू झाली की हेच लोक हात झटकून निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री पावसात त्यावर आदळणारा माणूस बहुधा मोटारसायकलवर असतो. एवढं एक ऐका, आपण मांडलेला दगड आपण उचलायचा.

मदत मागायची तर आपण कुठे आहोत ते सांगता आलं पाहिजे. "घाटात आहे" म्हटल्यावर समोरच्याला काही कळत नाही. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड शोधा. राष्ट्रीय महामार्गावर त्याचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गावर हिरवं. त्यावरचं गावाचं नाव आणि आकडा सांगा. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, पोलीस किंवा कुठल्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे तीन आकडे फोनमध्ये नको, एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, कारण अशा वेळी फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर पोलिसांच्या भानगडीला घाबरून पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. उकाड्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत खेचतो. काटा उतरला नाही तर थांबा, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो, ते क्षणात उकळतं आणि चेहऱ्यावर येतं. फडकं धरून उघडलं तर काही होत नाही, असं सांगणारा कुणीतरी तिथे असतोच. त्याला चहा पाजा, पण झाकण उघडू देऊ नका.

घाट उतरताना पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रलला टाकणारे अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं होतं. गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिनाला इंधन जवळपास बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. पैशाचं सोडा, न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की जळका वास येतो, पॅडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी धरत नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल तो उतारही त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक पूर्ण गेलेच, तर चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. पॅडल भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक थोडा-थोडा ओढा आणि वेळ आली तर गाडी डोंगराच्या बाजूला घासा. दरीच्या बाजूला नाही, हे लिहायची गरज पडू नये, पण घाबरलेला माणूस रिकाम्या जागेकडे वळतो.

बॅटरी उतरली असेल आणि दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावायची असेल तर क्रम महत्त्वाचा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळा चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी तिथे नको. काढताना उलट्या क्रमाने. आणि घरी असताना टर्मिनलवरची भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, वर व्हॅसलिन चोपडून ठेवलंत तर ही वेळ पुष्कळदा येतच नाही.

पाण्याबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. कॉजवेवरून गढूळ पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबा. फूटभर पाणी लहान गाडीला तरंगवायला पुरेसं असतं आणि तरंगणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग कितीही फिरवा, उपयोग नाही. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच वेगात, मध्ये न थांबता जा. बाहेर आल्यावर थोडा वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवा म्हणजे ते सुकतील. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांत होणारं काम लाखात जातं. शिवाय सुरू करायचा प्रयत्न केल्यामुळे झालेलं नुकसान साधी पॉलिसी बहुधा भरून देत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. गाडी ढकलून किंवा टोचन लावून बाहेर काढा आणि आधी विमा कंपनीला फोन करा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी मुंबईत माणसं आपापल्या बंद गाड्यांत गुदमरून गेली. पाणी वाढतंय असं दिसलं की लगेच पट्टा सोडा आणि वीज चालू आहे तोवर काच खाली घ्या. पाणी दाराच्या वर गेल्यावर बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही. काच फोडायची तर बाजूच्या दाराची, कोपऱ्यात, टोकदार हातोडीने. समोरची काच दुहेरी असते, ती तडकते पण फुटून मोकळी होत नाही. ती हातोडी डिकीत नको, चालकाच्या हाताशी हवी.

आता गंज. लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी पुरतं. मीठ मिसळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि काम कितीतरी भराभर होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. काशीद, दिवेआगर, गुहागर कुठेही जा, पुळणीवर गाड्या फिरवणारे दिसतात. भरतीच्या वेळी चाकं रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरतात. ते दिसतं म्हणून त्याची बातमी होते. न रुतलेल्या गाडीखाली उडालेलं खारं पाणी आणि वाळू मात्र पुढची दोन वर्षं शांतपणे पत्रा खात असते. गाडी वाळूवर नेऊच नका. गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. वरून चकचकीत पुसून काही उपयोग नाही.

याहून घरगुती एक कारण आहे. येताना आपण मासळी आणतो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, वर सुकटीचं पुडकं, आणि खोकं डिकीत. वडखळ येईपर्यंत बर्फ वितळतो, खोक्याच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, डिकीच्या गालिच्यात मुरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात उतरतं. गॅरेजमध्ये कधी मुंबईहून कोकणात ये-जा करणाऱ्या गाडीची स्टेपनी उचलताना बघा. खाली तपकिरी चिखल, त्यात दोन-चार खवले आणि स्टेपनीच्या रिमचा ठसा पत्र्यावर गंजात उमटलेला. वास येतो म्हणून लोक डिकीत सुगंधी डबी ठेवतात. खोकं मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवा, सगळा प्रश्न मिटतो. (माशाशिवाय या, असं मी म्हणणार नाही.)

दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून जायचं असतं. धूळ, पानं, कधी पॉलिशचं मेण यांनी ती बुजतात आणि दार आतून पाण्याने भरतं. गाडी वळवताना दारातून डुबूक आवाज येत असेल तर तो हाच. काडीने छिद्रं मोकळी करा. वायपरच्या खालच्या जाळीत साठलेला पाचोळाही काढा, विशेषतः गाडी आंब्या-फणसाखाली लावत असाल तर.

पावसाळ्यात गाडीवर घट्ट प्लॅस्टिकचं कव्हर घालणं म्हणजे ओल आत कोंडणं. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, नाहीतर गाडी उघडी राहू द्या. गवतावर किंवा मातीवर दोन-दोन महिने लावू नका. बराच काळ उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. डिस्कवर एका रात्रीत आलेला नारिंगी थर पाहून मात्र घाबरू नका, पहिल्या चार ब्रेकमध्ये तो निघून जातो.

खालून कोटिंग करून घ्यायचं की नाही, हा प्रश्न दर मे महिन्यात निघतो. नव्या किंवा स्वच्छ गाडीला करून घ्या, किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी तर जरूर. पण गाडी धुऊन पूर्ण सुकवली आहे, जुना गंज खरवडून काढला आहे आणि पाणी जायची छिद्रं मोकळी ठेवली आहेत, हे स्वतः उभं राहून बघा. ओल्या चिखलावर आणि गंजावर काळा थर फासला तर गंज आतच राहतो आणि दिसतही नाही. ते न करण्यापेक्षा वाईट. दगड उडून रंगाचा टवका गेला असेल तर पॉलिश पेपरने गंज चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, प्रायमर लावा, मग रंग. गंजावर नुसती पुट्टी भरून रंग मारणारा कारागीर स्वस्त असतो. पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एक सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली होत्या. पुरात बुडालेली गाडी साफसूफ होऊन कुठल्याही शहरात विकायला येऊ शकते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटच्या खालचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा, डॅशबोर्डच्या मागचे स्क्रू बघा. बाहेरून नवी दिसणाऱ्या गाडीत हेच गंजलेले असतील तर सौदा मोडा.

आणि गौरी-गणपती उरकून परत आलात की गाडी लगेच कव्हरखाली ढकलू नका. दुसऱ्याच दिवशी वॉटर सर्व्हिसिंगला नेऊन खालून, चारही मडगार्डच्या आतून, दाराखालच्या कडांमधून दाबाच्या पाण्याने चिखल काढा. पायपुसण्या बाहेर काढा, गालिचा उचलून खाली हात लावून बघा. स्टेपनी वर घ्या, तिचा खड्डा पुसा आणि डिकी दोन दिवस उन्हात उघडी ठेवा.